डावीकडचं नागपूर

डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत.
मेडिकलच्या वॉर्डात, मे महिन्यात,
त्यांनी बाबांना घड्याळ काढायला सांगितलं.
बाबांनी गोल काढला पुरता
आणि बाराही आकडे उजवीकडे कोंबले,
पंगतीला उशिरा आलेल्यांसारखे, दाटीवाटीनं.
डावीकडे अर्धं घड्याळ मोकळं,
सतरंजीसुद्धा न घातलेलं.

घरी आणलं. तांडापेठेत.
ताटातली पोळी उजवीकडून संपत येते
आणि मधोमध थांबते.
"अर्धीच पोयी काऊन वाढली मले?"
मी ताट फिरवते. अर्धी पोळी उगवते.
ते माझ्याकडे बघतात,
जशी मीच ती लपवली होती.

ऑटोतून जाताना पाट्या वाचतात मोठ्यानं.
पाचपावलीची पावली.
सीताबर्डीची बर्डी,
त्यावर ऑटोवाला म्हणाला, "बराबर हाये ना काका,
बर्डीच म्हनतेत सारे."
तेवढ्या चौकापुरते बाबा अगदी बरे होते.
मग स्टेशनच्या कमानीवर नुसतं पूर.
नाग कुठे गेला, मी विचारलं नाही.

अंधार नाही तिथे.
अंधार असता तर त्यांनी दिवा मागितला असता.
आत्ता तुमच्या पाठीमागे काय आहे?
काळं नाही, पांढरंही नाही,
आणि काही हरवलंय असंही वाटत नाही.
तसं.

वाळ्याचा कूलर डावीकडे आहे.
वास येतो, मानेवरचा घाम सुकतो.
"कुठून येऊन राह्यला बा हा वारा?"
म्हणतात, अन् शोधतात उजवीकडे,
कपाटाच्या दारात.

मी रोज झिरो माइलवरून कामावर जाते.
खांब उभा आहे, घोडे उभे आहेत,
गावांची अंतरं कोरलेली आहेत.
पण दगडाला डावं-उजवं नसतं.
ते सुरू होतं कुणीतरी येऊन उभं राहिलं की,
घामेजलेलं, चप्पल चावणारं, बस चुकलेलं कुणीतरी.
इथून म्हणजे कुठून?
माझ्या बरगड्यांपासून.
बाबांचा दगड जरासा सरकलाय, इतकंच.
रजेच्या अर्जात मात्र मी पक्षाघात लिहिते.

त्यांच्या मांडीवर एक हात असतो.
"हा कोनाचा हात ठेवला इथं? उचल."
तुमचाच आहे, बाबा.
"माहा नाही. माह्या हातानं लुगडी विनली."

रविवारी शेवंताआत्यानं ट्रंकेतून लुगडं काढलं,
खड्ड्यातल्या मागावरचं, माग विकला त्याच्या आदल्या वर्षीचं.
बाबांच्या मांडीवर पन्हा पसरला.
उजवा हात उजव्या काठावर पडला. थांबला.
डोळे कुठेतरी खिडकीत.
मग हात निघाला
चाळीस वर्षं धोटा धावला त्या वाटेनं,
बाण्याच्या सुताला धरून.
काठ संपला, अंग लागलं,
घड्यांच्या खुणा ओलांडल्या,
आणि जिथे त्यांचं जग संपतं
तिथेही बोटं थांबली नाहीत,
कारण एका काठाचं लुगडं
डोळ्यांना चालत असेल,
हाताला चालत नाही.

डावा काठ सापडला.
त्यावर तो हात पडलेला होता.
बोटं त्याच्यावर चढली. नखं चाचपली.
अंगठ्याच्या मुळाशी घट्टा,
तिथे फिरत राहिली, पुन्हा पुन्हा,
दारावरची पाटी अंधारात वाचावी तशी.
एक हात शिवत होता, एक शिवला जात होता,
आणि कोण कोणता हे ठरवायला
मधे कुणीच नव्हतं.

आत्या काही बोलणार होती, मी तिला खुणावलं.

"कोष्ट्याचा हाये," बाबा म्हणाले.
आणि थोड्या वेळानं, मला,
"त्याले बी वाढ."

जेवणं कधीच झाली होती.
तरी मी तवा ठेवला.