झीज धरून

तिसऱ्या रेल्वे गेटापुढच्या शोरूममधला शिवलिंग हुक्केरी
तीन भाषांत एकच आकडा सांगतो,
मराठीत तो जरा स्वस्त वाटतो.
अठ्ठेचाळीस महिने. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर.
विमा आमचा, सर्व्हिसिंग आमचं, टायर आमचे.
तुम्ही फक्त चालवायची, देसूरकर,
आणि शेवटी किल्ली या टेबलावर ठेवायची.

टेबल काचेचं. त्यात माझा हात दिसतो,
नखांच्या कडेला कटिंग ऑइलची काळी रेघ,
सत्तावीस वर्षं उद्यमबागेत
दुसऱ्यांचे शाफ्ट गोल करत आलेला.

लीज हा शब्द आमच्या घरात जुना आहे.
बाबांनी वडगावात दोन खोल्या लीजवर घेतल्या तेव्हा
मालकाला एकदाच मोजून दिले चाळीस हजार.
मग अकरा वर्षं भाडं नाही, काही नाही.
निघताना मालकानं तेवढेच परत दिले
बोटाला थुंकी लावून, एकेक नोट.
बाबा म्हणाले, बघ, फुकट राहिलो.
तोवर तेवढ्यात न्हाणीघरसुद्धा झालं नसतं,
पण ते कुणी बोललं नाही.

म्हणून मी विचारलं, शेवटी परत किती मिळणार?
हुक्केरींनी माझ्याकडं असं बघितलं
जसं मी बघतो
पट्टी घेऊन मायक्रॉन मोजायला आलेल्या नव्या पोराकडं.

करार कन्नडमध्ये, खाली इंग्रजी.
सही मराठीत चालते.
सातव्या पानावर झिजेचं कलम:
दोन सेंटीमीटरपर्यंतचा ओरखडा माफ,
सीटवर डाग नसावा,
वास नसावा.
वास म्हणजे?
"मासळी वगैरे, सर. चोर्ल्यातून वर येताना लोक आणतात की."

झीज मला कळते.
बेअरिंग बसवताना फट सोडावी लागते,
तेलाला जायला जागा लागते,
दोन लोखंडं अगदी चिकटून राहिली
तर एकमेकांना खातात.
पण गडहिंग्लजच्या आत्याला
दुसऱ्याच वळणाला मळमळतं, ती फट कुठं धरू?
बाबांच्या डोक्याचं खोबरेल
पहिल्याच आठवड्यात सीटला लागणार,
आणि मला ते तिथं असलेलं हवं आहे
नंतरही.

रात्री शैलानं लाइट बिलाच्या पाठीमागं हिशेब मांडला.
हप्ता, व्याज, घसारा,
कोल्हापुरात घेतली तर तिकडचा टॅक्स
आणि इकडं आणून पुन्हा इकडचा.
पेन दातात धरून म्हणाली,
"भाड्यानं घेतलो तर महिन्याला तीन हजार वाचतात की हो."
बरोबर होतं. मी दोनदा तपासलं.
मग ती म्हणाली,
"चार वर्षांनी पल्लवी बेंगळूरला जाणार शिकायला.
त्याच महिन्यात गाडी पण."
आणि बिल उलटं करून ठेवलं.

आतल्या खोलीतून बाबा:
"नंबर बावीस येणार की नऊ?"
त्यांना एवढंच पाहिजे होतं.
कुणाच्या दारात उभी केल्यावर
गाव सांगायची वेळ येऊ नये.

सकाळी स्कूटर तिरकी केली, चौथ्या किकला लागली.
हुक्केरींनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं,
सहीच्या जागी पेन्सिलची फुली.
मी म्हटलं, जुनी आहे काय एखादी?
मागं, यार्डात.
जिला पहिला ओरखडा
आधीच कुणीतरी पाडलाय.

त्यांनी टोपण लावलं. खिशात टाकलं.
"इदे," म्हणाले, स्वतःशी,
मग माझ्यासाठी: "आहे की एक, सर.
पण तिला
जरा वास येतोय."