इतर माहिती, असल्यास

आमच्या फॉर्ममध्ये एकवीस रकाने आहेत.
द्रव कोणता. तापमान किती. ताशी किती घनमीटर.
त्रेलेवच्या लोकर धुणाऱ्या कारखान्यानं
तो निळ्या शाईत भरून पाठवला होता, सुवाच्य:
लोकरीच्या मेणाचं पाणी, पासष्ट अंश, आठ घनमीटर,
वाळू दोन टक्के.
सोबत एक बाटली, झाकणाला चिकटपट्टी.

मी बाटली तापवून फिरवून पाहिली.
तळाशी तपकिरी गाळ, मध्ये गढूळ पाणी,
वर बोटभर पिवळी साय.
दोन टक्केच. पावणेदोन म्हणा.
मग तक्ते, आलेख, अंदाजाची चिमूट,
आणि मी सेपरेटर निवडला.
यंत्र मी बनवत नाही, विकतही नाही.
कोणतं कुणाच्या गळ्यात घालायचं, ते सांगते,
स्थळं जुळवणाऱ्या बाईसारखी,
पत्रिका बघून,
मुलगा न बघता.

अकरा महिन्यांनी फोन आला.
बाहिया ब्लांकाहून दिवसभराचा रस्ता,
सरळसोट. दोष ढकलायला
एक वळणही नाही.

येरबाचा तुंबा सगळ्यांच्या हातून फिरला,
माझ्यापाशी आला नाही.
मिर्ता प्यूनं टेबलावर नोझल ठेवली.
तिचं भोक गोल होतं, आता लांबट,
वर्षानुवर्षं जड डूल घातलेल्या
कानाच्या पाळीसारखं.
"पोलाद आहे ना हे?" तिनं विचारलं.
आहे, मी म्हटलं. पोलादच आहे.

ऑफिसातून फाब्रिसिओचा फोन:
फॉर्मवर सही कुणाची आहे ते आधी बघ.
सही मिर्ताची होती.

मग हौदापाशी इलारियो नाहुएलकिर भेटला.
एकोणतीस वर्षं तिथंच, त्याच वाफेत.
त्यानं हात पुढे केला, मी हातात घेतला आणि दचकले.
चेहरा सुकल्या ओढ्यासारखा
आणि तळवा तान्ह्या बाळाचा.
एवढं मेण त्या हातांवरून वाहून गेलेलं.
बायको म्हणते, तो म्हणाला, हात तेवढे घरी ठेवून जा.

"ती बाटली भरली तेव्हा काय धूत होतात?"
"दरीतली लोकर. गवतावरची मेंढी."
"आणि एरवी?"
त्यानं गठ्ठ्यातून मूठभर लोकर उपसली
आणि माझ्या फॉर्मवर आपटली.
सगळे आकडे वाळूखाली गेले.
"पठारावरची," तो म्हणाला.
"ती मेंढी वर्षभर वाऱ्यात उभी असते.
येताना अर्धा रस्ता अंगावर घेऊन येते."

संध्याकाळपर्यंत आम्ही सात बाटल्या भरल्या.
चिठ्ठ्या त्यानंच लिहिल्या, वाकड्या अक्षरात:
दरी. पठार. पठार, फार वारा.
नुसतंच, वाईट.
त्या 'वाईट'मध्ये नऊ टक्के निघाले,
पण ते नंतर.

जाताना त्यानं फॉर्म झटकून परत दिला.

रात्री पेट्रोलपंपावर थांबले.
वारा गाडीला खांदा देत होता,
मागच्या सीटवर बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या.
फॉर्म उघडला. एकविसावा रकाना:
इतर माहिती, असल्यास.
मिर्तानं तिथं एक आडवी रेघ मारली होती.
अशा रेघा मी शेकडो पाहिल्यात,
पाहिल्यात म्हणजे, उलटल्यात.
रेघेवर आता इलारियोच्या अंगठ्याचा डाग,
मेणानं कागद तेवढ्यापुरता काचेचा झालेला.
दिव्यासमोर धरला
तर त्यातून मागची बाजू दिसते,
यंत्राची शिफारस,
आणि तिच्याखाली माझी सही, उलटी,
चांगली ठसठशीत.

फाब्रिसिओला फोन लावायचा होता.
बोटं मऊ झाली होती,
बटणांवरून सारखी घसरत होती.