दहात दहा

इद्रिसनं तिन्ही बंदुका काउंटरवर आडव्या ठेवल्या.
"ही जर्मन. जड आहे,
पण तुला कुठं डोंगर पालथे घालायचेत?
कुंपणाशी बसायचं, सशाची वाट बघायची.
ही स्वस्तातली. एकदा वाजली
की पलीकडच्या खोऱ्यातले ससेही
दोन दिवस बिळाबाहेर यायचे नाहीत."
तिसरीबद्दल तो काहीच बोलला नाही.

टेगवेननं तिसरीच उचलली.
नळी मोडून खाली ओढली, दोन्ही हातांनी.
आतली स्प्रिंग म्हाताऱ्या कुत्र्यासारखी गुरगुरली
आणि खटकन बसली.

"हं," इद्रिस म्हणाला. "आमच्या ग्विलिमची.
आवळून धरू नकोस. छर्रा सुटायच्या आत
ही मागं येते, पुढं जाते.
अडवलीस की रुसते, नेम कुठच्या कुठं.
तळहातावर नुसती टेकव,
झोपलेलं पोर टेकवतात तशी."
मग तो बराच वेळ छर्ऱ्यांचे डबे सारखे करत राहिला.

"ससा... लगेच जातो ना?"

त्यानं पुठ्ठ्यावर एक पेनी ठेवून पेन्सिल फिरवली.
"डोळा आणि कान यांच्यामध्ये, एवढीच जागा.
तीस पावलांवरून दहात दहा.
नऊ आले, तर खाऊ दे त्याला कोबी."

सप्टेंबर लागला. निम्मा वाफा फस्त.
गोठ्याच्या दाराशी चाळणी झालेल्या पुठ्ठ्यांची चळत.
ससे आता तिला घाबरतही नाहीत.
काल संध्याकाळी वारा पडला होता,
उजेड चांगला होता,
हात सैल होता.

नऊ.