अधिक तीस मिनिटं

विमाननगरात, चौथ्या मजल्यावर
दोन विमानतळांमधलं अंतर भरायचं काम करतो मी.
कुठलेही दोन. कुणी जावो न जावो.
यंत्र आकडा काढतं, मी बघतो
एखादं गाव चुकून समुद्रात तर पडलेलं नाही.

सूत्र सोपं आहे:
पृथ्वीच्या पाठीवरून एक वाकलेली रेघ,
भागिले विमानाचा वेग,
अधिक तीस मिनिटं.
ही तीस कशाची, पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
नझनीन म्हणाली, उठायला आणि बसायला.
विमान झालं म्हणून काय झालं,
गुडघे सगळ्यांनाच असतात.

मंगळवारी यादीत आलं: गोंदिया ते चिपी.
नऊशे चाळीस किलोमीटर, थोडं इकडेतिकडे.
एक तास चाळीस मिनिटं.
तेवढ्यात मी इथून कोथरूडला पोचत नाही
संध्याकाळी, रस्ता खणलेला नसतानाही.

खाली बारीक अक्षरात: थेट सेवा नाही.
हे मला कुणी सांगायला नको होतं.

बापू बिरसीच्या धावपट्टीवर अग्निशमनात.
आग अजून लागलेली नाही.
दिवसभर फटाके लावून पाखरं उडवतात,
पलीकडच्या बांधीत सारसांची जोडी उतरते
तेवढी वहीत लिहीत नाहीत.

आईची चिपीच्या कातळावर खानावळ,
पत्रा उडू नये म्हणून वर चिरे ठेवलेले.
विमान रद्द झालं की तिचा भात संपतो,
म्हणून समुद्राकडे काळं दिसलं
की ती दोन मापं जास्त धुते.

रविवारी दोघांचे फोन, पाऊण तासाच्या फरकाने.
"जेवला का बे?"
"जेवलस मां?"
एकमेकांचं नाव कुणी काढत नाही.
आई नुसती म्हणते, थंय थंडी असतली खूप.
बापू म्हणतात, कोकणात पानी दाखवून राह्यले टीव्हीवर.
मी इकडचं तिकडे पोचवत नाही,
तिकडचं इकडे नाही,
तरी पोचतं कसं कोण जाणे.
आठ वर्षं दोघांचा सगळा प्रवास
पुणेमार्गे.

एकदाच दोघं एका दिवशी उतरली होती,
माझं अपेंडिक्स फुटलं तेव्हा.
ससूनच्या व्हरांड्यात एक बाक, बाकाची दोन टोकं,
मधे आईची पिशवी, तिच्यात सोलं,
आणि बापूंचा डबा, त्यात लाखोळीची डाळ.
ऑपरेशनच्या दिवशी कुणी डाळ आणतं का?
अंतर अडीच हात.
वेळ किती लागला मला माहीत नाही, भूल दिलेली.
नंतर सिस्टर म्हणाल्या,
काकांनी काकूंना एकच शब्द विचारला, चहा?
काकूंनी मान हलवली.
कँटीन खालच्या मजल्यावर,
तरी काकांना यायला अर्धा तास लागला,
आणि काकू तोवर
डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

ती ओळ मी अजून मंजूर केलेली नाही.
काय चुकलंय त्यात, नझनीन विचारते.
काही नाही. आकडा बरोबर आहे.
तेवढ्यात लोहगावला उतरणारं एक डोक्यावरून जातं,
ग्लासातलं पाणी थरथरतं,
आणि सवयीने आम्ही दोघं बोलायचं थांबतो,
ते टेकेपर्यंत.