पांढरीवर

चाळीसगावहून निघतानाच मामा म्हणाला होता,
वर चढायचं नाही, मी खालूनच दाखवीन.
मग बहाळ आलं, गिरणेचं पात्र आलं,
वाळूचे ट्रॅक्टर एकामागे एक, नंबरावर चिखल फासलेले,
आणि गाडी थांबायच्या आत मामा उतरला.

टेकाड म्हणावं तर टेकाड, नाहीतर काहीच नाही.
खात्याचा निळा फलक, गंजानं अक्षरं खाल्लेला:
‘प्राची’ उरलंय, ‘संर’ उरलंय,
दंडाची रक्कम मात्र ठसठशीत.
बाभळी. शेळ्यांच्या लेंड्या. कुणाची तरी वाळत घातलेली गोधडी.
अजिंठ्याच्या बसेस इकडे वळत नाहीत.

मामाचं नाव उखर्डू.
आधीची तीन गेली, म्हणून हा जन्मला तसा
सुईणीनं उकिरड्यावर ठेवला घटकाभर,
सटवीला वाटावं, टाकून दिलेला माल आहे.
शाळेत या नावानं तो मान वर करत नसे.
अकरा वर्षांचा असताना तंबू आले, साहेब लोक आले,
पाट्या वाहायला पोरं हवी होती, रोज आठ आणे.
नाव विचारलं तेव्हा हा पुटपुटला,
तर चष्मेवाला साहेब हसला नाही.
म्हणाला, अरे, आम्हीही उकिरडाच उपसतोय.
बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात;
ह्याला तीन हजार लागली,
आणि वर आठ आणे रोज.

आमच्या धाब्यावरची माती इथली, हे मला आज कळतंय.
पावसाळ्याआधी गाड्या भरून न्यायचे ही पांढरी,
चिकट, खारी, पाण्याला वाट न देणारी.
तिच्यात मणी निघायचे, खापरं निघायची.
वैशाखात आम्ही तिच्यावर अंथरुणं टाकून झोपायचो,
पाठीला काही टोचलं
की म्हणायचो, खडा असेल.

‘आठेच.’ मामा थांबला. ‘आठेच व्हतं.’
बाभळीपासून चार पावलं. परत जाऊन पुन्हा चार.
दोन मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावलेली,
आणि आत एवढंसं...
त्यानं स्वतःचा हात दाखवला, मनगटापासून कोपरापर्यंत.
साहेबांनी ब्रशनं माती सारली, शेजारी पट्टी ठेवली, फोटो काढला.
जेवायची सुट्टी झाली तरी हा पाटी धरून तिथंच.
कारण आठच दिवसांपूर्वी, गिरणेच्या काठाला,
त्याच्या बापानं खड्डा केला होता.
नऊ दिवसांची. बाराव्याला नाव ठेवायचं होतं.
खाली मीठ, वर माती, त्यावर बोरीचे काटे,
कोल्ह्यानं उकरू नये म्हणून.
मडकं नव्हतं. घरात एकच होतं, आणि ते पाण्याचं.

माझी आई तेव्हा जन्मायची होती.

रात्री साहेबांच्या तंबूमागचा माठ ह्यानं उचलला,
पाणी ओतून दिलं, हळू, आवाज न करता,
आणि काठाला गेला.
काट्यांचे ढीग तिथं तीन होते.
तिन्ही सारखे.
बराच वेळ उभा राहिला, मग मधल्यावर माठ पालथा घातला
आणि पळत घरी.
सकाळी चौकशी झाली. तीन दिवसांचा रोज कापला.
चष्मेवाला साहेब एवढंच म्हणाला,
माठ कुठं जाणार, जमिनीतच असेल.

हे सांगताना मामा माझ्याकडे बघत नव्हता.
पात्राकडे बघत होता.
तिथं काठच उरलेला नाही आता,
वाळू गेली, धुळ्याच्या, नाशिकच्या कुठल्या भिंतीत गेली,
आणि खड्ड्यांत हिरवं पाणी.
तो उतरला तसाच चालू लागला त्या दिशेनं,
काठी टेकत, मध्येच थांबत, मागे येत.

फावडं मारणारा पोरगा वर बघून ओरडला,
काय हरवलं का बाबा?
‘नही रे,’ मामा म्हणाला, ‘मोजी ऱ्हायनू.’
आणि पोरानं, का कोण जाणे,
इंजिन बंद केलं.