साडेचार टक्क्यांचा तास

आठवी ब. पटावर एकतीस, हजर एकोणीस.
बाकीचे बारा कुठे, हे हल्ली मी विचारत नाही.
इंदुरात मराठी शाळेचा पट
दर जूनला थोडा पातळ होतो,
ताकात पाणी घालावं तसा.

फळ्यावर लिहिलं : इंग्रजी सत्तेचे परिणाम.
खाली रेघ ओढली. माझी रेघ उजवीकडे चढतेच,
सव्वीस वर्षं चढते आहे.
पुस्तकात पहिलाच मुद्दा : इंग्रजांनी रेल्वे आणली.
दोन गुणांना हमखास.

म्हटलं, वह्या काढा. गणिताच्या.
"बाई, इतिहासाचा तास आहे."
हो, म्हणूनच.

मुद्दल एक कोटी.
दर साडेचार टक्के, सरळव्याज.
मुदत एकशे एक वर्षं.
देणार : होळकर सरकार.
घेणार : विलायतेचं सरकार.
कारण : खंडव्याहून इथवर रूळ.

मागच्या बाकावर यज्ञेश मुंगी खुसखुसला,
"भिया, बाईंनी उलटं लिहिलं."
नाही रे. लिहिलंय सुलट,
पाठ उलटं केलंय आपण.

मग नुसती पेन्सिलींची कुरकुर.
अन्विता सराफचा हात आधी वर गेला :
"चार कोटी चोपन्न लाख पन्नास हजार.
हे फक्त व्याज."
'फक्त' तिनं असं म्हटलं
जसं तिचे बाबा गिऱ्हाइकाला घडणावळ सांगतात.

आणि तास हातातून सुटला.
राजाने खिशातून दिले का, बाई?
(राजाला खिसा नसतो, बाळ. खिसा असतो सारा भरणाऱ्याला,
आणि तो फाटका.)
देणारा मोठा ना? मग रेसिडेन्सीत जाऊन
मान कोण लववायचं?
देणारा.
असं कसं?
सावकाराने ऋणकोपुढे हात जोडायचे
ही तऱ्हा पुस्तकात एका शब्दात उरकली आहे :
'मांडलिक'. कंसात काही नाही.

सत्तेचाळीस साल आलं तेव्हा
मुदतीची चोवीस वर्षं उरली होती.
"बुडवून पळाले!" वर्ग खिदळला.
पुढे हिशेब कुणी कुणाला चुकता केला?
मी खडू उचलला आणि लिहिलं :
मला माहीत नाही.
नेमके तेव्हाच मुख्याध्यापक दारावरून गेले.
थांबले. वाचलं. गेले.

कैवल्य निंबोरे एरवी बोलत नाही.
दुसऱ्या दिवशी त्याने दप्तरातून
फडक्यात गुंडाळलेला एक खिळा काढला.
वीतभर, चौकोनी, डोकं एका बाजूला कललेलं.
"पणजोबा काळाकुंडला गँगमध्ये होते.
छोटी लाईन उखडली तेव्हा आजोबा घेऊन आले.
आई नारळ फोडते त्याने."

खिळा बाकाबाकांवरून फिरला.
कुणी वजन केलं, कुणी जिभेला लावून पाहिला,
अन्विताने किंमत विचारली आणि लाजली.
घाटातल्या बोगद्यात तो ठोकताना
किती जण ठोकत होते, कुणाला ताप होता,
मजुरी आण्यात की धान्यात,
एक कोटीच्या कागदावर त्याला रकाना नव्हता.
तास संपल्यावर एकोणीस जणांच्या तळव्यांना
एकच वास येत होता.

सहामाहीला प्रश्न आला, दोन गुणांचा, हमखास.
कैवल्यने लिहिलं :
'रेल्वे आमच्या पणजोबांच्या गँगने आणली.
पैसे इथले होते. तिकीटही आम्हीच काढलं.
इंग्रजांनी शिट्टी दिली.
बघायचं असेल तर कालाकुंडला जावे.'

लाल पेन 'ल'वर थांबलं.
काळाकुंड, 'ळ' पाहिजे, अर्धा गुण कापावा.
मग आठवलं,
स्टेशनच्या पाटीवरसुद्धा 'ल'च आहे.
ती कुणी रंगवली, केव्हा,
हा आणखी एक तास.

दोनपैकी दोन दिले.