डावा बूट

नाव मॅलकी. 'सर' म्हणालात
तर मीच मागे वळून बघेन, कोण आलं म्हणून.
फावडी खाली ठेवा. आधी चालायला शिका.
पोपटी दिसेल तिथे पाय नाही,
तपकिरी झुडपावर, हेदरवर, टाच टेकवायची,
आणि दोघांत एका काठीचं अंतर,
म्हणजे एक रुतला तर हसायला दुसरा शिल्लक राहतो.

ही भोकं पाडलेली नळी.
आत पट्टी सोड, ईमर. हळू.
पाण्याला लागली की कळतं हाताला.
किती?
सव्वीस सेंटिमीटर खाली. म्हणजे तहानलेली आहे अजून,
दहाच्या आत यायला हवं.
वहीत लिही. पेन्सिलीनं. शाई या दलदलीत टिकत नाही,
आयर्लंडात कुठंच टिकत नाही.

आता हा चर बघा,
दोरी लावून मारल्यासारखा सरळ.
दोरी लावूनच मारलाय.
एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं कोलमच्या, माझ्या भावाच्या.
मी सोळाचा. कंपनीचा पहिला पगार,
त्यातून आईला शिवणयंत्र आलं.
आम्हाला शिकवलेलं, की ओल म्हणजे आळस,
तिला वाट काढून दिली की देश उबदार होतो.
झाला की. शाळा, दवाखाना, आमचं घर,
चाळीस वर्षं हीच जमीन चुलीत जळली,
आणि त्या धुराशिवाय मला अजून झोप लागत नाही.
हे वहीत लिहू नकोस.

पीट म्हणजे बुडालेलं शेवाळ,
पाण्याखाली हवा नाही, म्हणून कुजायचं राहून गेलेलं.
वर्षाला एक मिलिमीटर वाढतं.
आम्ही दुपारच्या जेवणाआधी दोन हजार वर्षं कापायचो
आणि मग सँडविच खायचो.

चला, बांध.
कोरडा भुगा नको, खालचा काळा घ्या, लोण्यासारखा,
बोटांतून निसटेल तो.
काठाच्या आत खाच पाडून बसवा. तुडवा. पुन्हा तुडवा.
सेनन, हा नाच नव्हे.
हां, नाचच समज, पण जड माणसाचा.
सुईएवढी फट राहिली तरी पाणी रात्रीतून निघून जातं,
सकाळी माणूस बघत बसतो.
वरून जिवंत खपली लावा, हिरवी बाजू आभाळाकडे.
उलटी लावणारे दरवर्षी दोन तरी निघतात.

काय म्हणालीस, थाईस?
चर भरून जमीन परत यायला किती वर्षं?
पाणी यायला एक हिवाळा.
शेवाळ धरायला दहा, नशीब असेल तर.
जमिनीचा हिशोब तू कर, तुझं गणित चांगलं आहे.
दोन मीटर, वर्षाला एक मिलिमीटर.
…
बरोबर.
मग जेवायच्या आधी सुरुवात करू.

---

हा सात नंबरचा बांध. मार्चमधल्या मुलांनी घातला.
थांबा. मागे सरा सगळे.
थाईस, ओढू नकोस, पाय सोडव, बूट जाऊ दे.
जाऊ दे म्हणतो ना.

खांद्यापर्यंत हात घातला. नाही लागत.
थंड आहे आत. बरंच थंड.
या वाटेनं, इथूनच, मी विशीत
काळे चकचकीत बूट घालून नाचाला जायचो,
टाचेला चिखल लागायचा नाही.

हसताय काय. नाही, हसा.
आईला मी सांगेन, रात्रपाळीहून आल्यावर.
नवा बूट मी घेऊन देतो.
तोवर ही ब्रेडची पिशवी पायात घाल, वरून दोरी.

ईमर, वही.
बांध सात. पाण्याची पातळी: मोजली नाही, गरज पडली नाही.
नोंद: बूट एक, डावा, अडतीस नंबर.
आत आहे. हजार वर्षं जसाच्या तसा राहील.
तारीख घाल.

चला परत. थाईस, माझ्या खांद्यावर हात ठेव.
अगं पोपटीवर नाही.
हेदरवर. हेदरवर टाच, सांगितलं होतं ना.